उतरणीवरून नेलेला रोट

गेल्या श्रावणात आमच्या देव्हाऱ्यापुढे एक रोट फडक्यात गुंडाळून पडून होता आणि तो खाणारा माणूस घरी येत नव्हता. पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रडत नव्हत्या. ओसरीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या आणि मोडलेल्या शेंगा पुन्हा मोडत होत्या. मी देवाला मानते का, असं त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मी खरं उत्तर टाळलं असतं. हात जोडते, नैवेद्य रांधते, सणवार चुकवत नाही, पण आत कुठेतरी एक शंका पाय पसरून बसलेली असते. आत्याबाईंना ते ठाऊक आहे आणि त्यांनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. खानदेशातल्या घराघरात बसते, पण प्रत्येक घराला वाटतं की ती आपल्याच घरी जास्त रमते. तिच्यासाठी रोट करायचे म्हणून आधी गहू काढतात, आणि ते गहू मापाने नाही, मुठीने काढतात. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ज्याची मूठ पडली तो घरातला. त्या गव्हाच्या पिठाचे जाड, खरपूस रोट भाजतात आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी खातात. हे रोट घराबाहेरच्या माणसाला देत नाहीत, त्याच्या हाती पाठवतही नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. उरले तर नदीला सोडायचे. एखाद्याच्या वाट्याचा रोट नदीत सोडायची पाळी आमच्या घरावर आत्याबाईंच्या आठवणीत आलेली नव्हती.

तो रोट माझ्या धाकट्या दिराचा होता. सुभाष डोंगरात, धडगावच्या बाजूला, एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याची बायको गेली. लता माझी जाऊ कमी आणि मैत्रीण जास्त होती. ताप आला आणि आठवड्यात गेली. सुतकाच्या वर्षी कानबाई बसवत नाहीत, त्यामुळे या खेपेचा सण हा तिच्या मागचा पहिला सण होता. सणाच्या आधी सुभाषचा फोन आला. त्याने आईची चौकशी केली, पपईला भाव काय मिळाला ते विचारलं, आणि मग अगदी सहज म्हणावं तसं म्हणाला, "माय, यंदा मन्ही मूठ धरू नको."

असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. माणूस परदेशी असला, रुसलेला असला, कोर्टात भावाशी भांडत असला तरी मूठ धरू नका असं म्हणत नाही. आत्याबाईंनी फोन ठेवला, सूप घेतलं आणि सगळ्यात आधी त्याचंच नाव घेऊन गहू टाकले. "त्यानी मूठ मी धरी शे. माय शे मी त्यानी," एवढंच म्हणाल्या. रविवार झाला, सोमवारी विसर्जन झालं, सुभाष आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून त्याचा रोट ठेवला. तेवढ्यात डोंगरात पाऊस कोसळला आणि चांदसैलीच्या घाटात दरड आली. आमच्या ह्यांनी मोटारसायकल घाटापर्यंत नेली आणि चिखलाने माखून परत आले. शहाद्याकडून फेऱ्याने जावं तर तिकडे फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. सुभाषच्या गावात फोनला रेंज नसते, तो धडगावला आला तरच बोलणं होतं. म्हणजे तो आपला तिकडे, रोट इकडे, आणि मध्ये सातपुडा.

आता माझ्या सायकलबद्दल सांगितलं पाहिजे, आणि ते सांगताना मी नम्र राहणार नाही. माझी लेक नाशिकला शिकायला गेली तेव्हा तिची जाड टायरांची, गिअरची सायकल पडवीत धूळ खात पडली. मी ती आधी पुसायला म्हणून बाहेर काढली, मग शेतापर्यंत न्यायला लागले, मग तापीच्या काठाने. चाळिशी उलटलेली बाई सलवार-कुडत्यावर हेल्मेट घालून सायकल चालवते म्हटल्यावर गावाने पोटभर हसून घेतलं. हसून झाल्यावर गाव गप्प बसलं, कारण तोवर मी तोरणमाळचा घाट सायकलवरून न उतरता चढून आले होते. शहाद्या-तळोद्याकडच्या सायकलवाल्यांचा एक गट आहे, बहुतेक डॉक्टर आणि प्राध्यापक. त्यांच्याबरोबर मी सातपुड्यातल्या वाटा हिंडते. चढाला त्यांच्यातले निम्मे माझ्या मागे असतात. हे मी सांगत नाही, तेच सांगतात, पण ते सांगतात तेव्हा मी अडवतही नाही.

एका ठिकाणी मात्र माझं नाक कापलं जायचं. चांदसैलीचा घाट संपून माथ्यावर आलं की एका वळणावरून एक पायवाट खाली सुभाषच्या शाळेच्या दरीत उतरते. दगडांची, मुळांची, मध्ये ओहळांनी खरडलेली, आणि इतकी उभी की वरून बघितलं तर वाट पोटात गेल्यासारखी दिसते. गटातले फक्त दोघे ती सायकलवर बसून उतरले होते आणि दर वेळी चहाला बसलं की ते सांगायचे. मी दर वेळी उतरून, सायकल हाताने धरून, बकरीसारखी खाली यायचे. कितीदा ठरवलं, सीटवर बसले, पहिल्या दगडाशी गेले आणि पाय टेकले. भीती वाटते हे मी तोवर कुणापाशी बोलले नव्हते.

त्या सकाळी मी आत्याबाईंच्या हातातलं गवारीचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हटलं, रोट मी नेते. आमचे हे चहा पीत होते. "घाट बंद शे. तू काय उडीसन जाशी का?" म्हणाले. मी म्हटलं, दरडीवरून सायकल खांद्यावर घेईन, पुढे पायवाटेने उतरेन, वाट माझ्या ओळखीची आहे. ह्यांचे गुडघे गेलेत आणि वजन वाढलंय, नाहीतर ते स्वतः चालत गेले असते, आणि हे त्यांनाही कळत होतं म्हणून ते जास्तच चिडले.  आत्याबाईंनी रोट कोऱ्या फडक्यात बांधला, वर प्लॅस्टिकची पिशवी घातली, आणि ते गाठोडं ओढणीने माझ्या पाठीशी बांधलं. "जाय बेटा. ती शे तुन्हासंगे," म्हणाल्या. मला त्या क्षणी देवीपेक्षा ब्रेकचा भरवसा जास्त वाटत होता, आणि तेही आदल्या आठवड्यात करकरत होते.

घाट मी नेहमीपेक्षा जोरात चढले. श्रावणातला सातपुडा बघत थांबावं असा असतो, पण त्या दिवशी मी मान वर केली नाही. दरडीशी जेसीबी लागलं होतं. तिथल्या माणसांनी हातवारे करून परत जा म्हणून सांगितलं. मी थोडं थांबून, मशीन मागे गेल्यावर, सायकल खांद्यावर टाकून चिखलातून पलीकडे झाले. मागून कुणीतरी शिट्टी मारली, ती कौतुकाची होती असं मी धरून चालले. पुढचा रस्ताही एका बाजूने खचला होता. त्यावरून गाडी काय, बैलही गेला नसता. मी कडेकडेने सायकल ढकलत पायवाटेच्या वळणापर्यंत आले.

तिथे मी सीटवर बसले आणि उतरायला सुरुवात केली. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. घाई होती हे खरं, पण त्यात थोडी खुमखुमीही होती. पुढच्या चाकाकडे बघत, दोन्ही ब्रेक आवळत, दात आवळत पहिला दगड उतरले, दुसरा उतरले, आणि तिसऱ्याशी पाठीवरचं गाठोडं एका बाजूला झुकलं. माझं सगळं ध्यान त्याच्याकडे गेलं. पुढचं चाक अडकलं, मी हँडलवरून बाजूच्या गवतात. कोपर सोललं, गुडघ्याला मुका मार लागला. मी पहिल्यांदा हात मागे नेऊन रोट चाचपला. शाबूत होता. मग मात्र मला रडू फुटलं. आत्याबाईंना जे येत नव्हतं ते मला तिथे, त्या ओल्या गवतात, भडभडून आलं. लता आठवली. विसर्जनाला ती माझ्या पुढे गाणं म्हणत चालायची आणि मुद्दाम चुकीचा शब्द म्हणून मला हसवायची. मी मोठ्याने म्हटलं, कानबाई, तुला जर हा रोट पोचवायचा असेल तर तू बघ, माझ्याच्याने होत नाही.

आकाशवाणी झाली नाही. पाठीमागून बकऱ्या आल्या. बकऱ्यांच्या मागे एक पावरा आदिवासी बाई आली, माझ्याच वयाची, डोक्यावर इरलं, हातात काठी. तिने आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काय घडलं असावं याचा अंदाज घेऊन ती हसली. मला रागच आला. मग ती बाजारात बोलतात तशा मराठीत म्हणाली, "खाली नाल्याला पाणी चढतंय. वरच्या डोंगरात पाऊस आहे. सायकल धरत धरत गेलीस तर पलीकडे जायला मिळणार नाही." मी विचारलं, किती वेळ आहे? तिने समोरच्या डोंगरावरच्या काळ्या ढगाकडे काठी केली. मी उठले, तर गाठोडं पुन्हा घसरलं.

"काय आहे त्यात?" तिने विचारलं. मी म्हटलं, देवाची भाकर, दिराला नेतेय. तिने मान हलवली, जणू दिरासाठी देवाची भाकर घेऊन डोंगरावरून कोसळणं हे रोजचंच काम. मला ओशाळल्यासारखं झालं. बाई मदतीला आली आणि माझ्यापाशी तिला द्यायला जी एकच गोष्ट होती ती मला देता येत नव्हती. तिने माझी ओढणी सोडली, बाजूला टाकली, आणि आपल्या कमरेचं जाड फडकं काढून गाठोडं माझ्या पाठीला आवळून बांधलं. एक फेर खांद्यावरून, एक बगलेतून, गाठ छातीवर. लेकराला पाठीशी बांधतात तसं. गाठोडं आता हलेना. ते माझ्या पाठीचंच झालं. मी विचारलं, फडकं परत कसं देऊ? ती म्हणाली, "सोनकीचं म्हणून सांग खाली." आणि बकऱ्यांना हाकत ती माझ्या आधी आडवाटेने खाली झुडपात दिसेनाशी झाली.

मी सीटवर बसले. आणि पाठीला ते वजन असं नीट, गुमान टेकलेलं लागलं तेव्हा मला वेगळंच आठवलं. आमच्या घरात विसर्जनाला कानबाईचा चौरंग थोरल्या सुनेच्या डोक्यावर असतो. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मी नेते. वाट चिखलाची, पुढे ढोल, मागे बायका गातायत, आणि डोक्यावर देवी. पहिल्या वर्षी आत्याबाईंनी एकच सांगितलं होतं, पायाकडे पाहू नको, नदीकडे पाहा. पायाकडे पाहिलं की मान वाकते आणि चौरंग कलंडतो. नदीकडे पाहिलं की पाय आपापलं बघून घेतात. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावरून हळदीकुंकवाचं बोटसुद्धा सांडलं नाही. आणि तीच मी सायकलवर बसले की पुढच्या चाकाकडे डोळे लावून बसत होते.

मी मान वर केली. खाली दरीत नाला चकाकत होता आणि पलीकडे शाळेचे निळे पत्रे. तिकडे बघितलं आणि ब्रेक सोडला.

पुढचं सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत, तरी सांगते. पहिला मोठा दगड आला तो मी उतरल्यावर मला कळला. गुडघे आपोआप मऊ झाले, कोपरं उघडली, कंबर मागे गेली. मुळं आली, चाक त्यांच्यावरून पाणी जावं तसं गेलं. ओहळाने खरडलेली जागा, जिथे मी दर वेळी उतरायचे, तिथे वाट डावीकडून आहे हे मला दिसलं, आणि दिसायच्या आत मी तिथे होते. ब्रेक लावत होते, पण लावतेय असं वाटत नव्हतं, बोटं लावत होती. पाऊस सुरू झाला होता की काय ते ठाऊक नाही. श्वास एका लयीत चालला होता आणि तो इतका मोठा ऐकू येत होता की दुसरा आवाजच नव्हता. भीती कुठे गेली ते मी शोधलंही नाही. वेळ थांबला म्हणतात तसं काही झालं नाही. वेळ होता, फक्त तो मला ढकलत नव्हता.

कीर्तनात सांगतात की असं होतं तेव्हा मीपण गळून पडतं. मला तसं म्हणता येणार नाही. मी होते, पुरेपूर होते. इतकी सगळीच्या सगळी मी याआधी कधी एका जागी नव्हते. घरात माझं अर्धं चित्त चुलीवर असतं, पाव शेतात आणि पाव लेकीकडे. त्या उतरणीवर माझं सगळं माझ्याजवळ होतं, आणि तरी ते मी चालवत नव्हते. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल, मला सांगता येत नाही. देवीचं नाव घेतलं का, असं नंतर आत्याबाईंनी विचारलं. नव्हतं घेतलं. नाव घ्यायला ती दूर असायला हवी होती. पाय माझे होते, वर्षानुवर्षं पहाटे उठून मीच ते कमावले होते, आणि ते चालवून घेणारी ती होती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. ज्याला पटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

नाल्यात पाणी चाकाच्या निम्म्याला होतं. मी थांबले नाही, वेगातच घातली आणि पलीकडे चढले. मग पाय टेकले आणि मागे वळून बघितलं. ती उभी वाट, धुक्यात अर्धी बुडालेली. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. थोड्याच वेळात नाला गढूळ होऊन फुगला आणि मघाशी मी जिथून आले ते दगड दिसेनासे झाले.

सुभाष शाळेच्या व्हरांड्यात एकटाच कपडे वाळत घालत होता. मला बघून त्याच्या हातातला शर्ट खाली पडला. "वहिनी? तू? कसी उनी तू? घाट ते बंद शे." मी छातीवरची गाठ सोडली. गाठोडं बघताच त्याला कळलं.  "मी सांगेल व्हतं मायले," म्हणाला आणि भिंतीकडे वळला. दाढी वाढली होती, गळ्याची हाडं वर आली होती. मी येताना त्याला काय काय सांगायचं ते घाटात ठरवत आले होते. आईचं वय, घराची रीत, लताला काय वाटलं असतं. ते सगळं उतरणीवर कुठेतरी पडून गेलं होतं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, सुभाषभाऊ, मी ती पायवाट बसून उतरले.

तो वळला. "त्या वाटवरथून? बठीसन?" मी म्हटलं, बसूनच. त्याचा विश्वास बसेना. तो या दरीत कित्येक वर्षं राहतोय, त्या वाटेवरून लोक काठी टेकत कसे उतरतात ते त्याने बघितलंय. तो तसाच अनवाणी नाल्यापर्यंत गेला आणि काठावरच्या चिखलात उमटलेली टायरची नक्षी बघून आला. येताना हसत होता. नंतर शाळेच्या स्वयंपाकीण बाईंनी सांगितलं की गुरुजी किती दिवसांनी हसले. मी त्याला सगळं सांगितलं, दगड न दगड, हाताने हवेत वळणं काढून. पडले तेही सांगितलं. तो लहान पोरासारखा ऐकत होता आणि मध्येच विचारत होता, मग? मग?

सांगून संपलं तेव्हा त्याने स्वतःच हात धुतले आणि रोट पुढे ओढला. फडकं सोडलं. रोट एका कडेने फुटला होता, बाकी धड होता. त्याने त्याचे दोन तुकडे केले, एक आपल्यापुढे ठेवला आणि दुसरा सवयीने शेजारी, जिथे कुणी बसलेलं नव्हतं तिथे ठेवला. ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी रडले असते तर तो तुकडा तिथेच राहिला असता.

"ते मले दे," मी म्हटलं. "मले भूक लागेल शे." आणि खरोखरच लागली होती, पोटात आग पडली होती. मी सरकून त्या जागी बसले आणि तो तुकडा घेऊन खायला लागले. भाजी नव्हती, चटणीही नव्हती. कोरडा, चिवट झालेला रोट, चावून दाढा दुखल्या.  मग सुभाषने आपला तुकडा उचलला. खाता खाता तो रडत होता, पण खात होता. आम्ही दोघांनी कणसुद्धा ठेवला नाही.

संध्याकाळी मी सोनकीची चौकशी केली. अशा गोष्टींत मदत करणारी बाई नंतर कुणाला सापडत नाही, कुणी तिला ओळखतही नाही. माझी सापडली. शाळेमागच्या पाड्यावर राहते, बकऱ्या पाळते, आणि सगळे तिला ओळखतात, कारण तिच्या बकऱ्या शाळेची मेथी खातात. फडकं धुऊन परत दिलं तेव्हा तिने ते उलटसुलट बघितलं आणि मला भाकर-चटणी खाऊ घातली. मी पाया पडायला वाकले तर तिने मला दंडाला धरून उभं केलं आणि पुन्हा तशीच हसली. या वेळी मला राग आला नाही. देवीला यायचं असेल तर तिने बकऱ्या घेऊन का येऊ नये?

दुसऱ्या दिवशी नाल्याचं पाणी उतरल्यावर सुभाष माझ्याबरोबर निघाला. पौर्णिमेची सुट्टी होती. मी बोलावलं नव्हतं, त्याने न सांगताच पिशवी भरली. पायवाट चढताना सायकल त्याने मला धरू दिली नाही, स्वतः खांद्यावर घेतली. मी मोकळ्या हातांनी त्याच्या मागून चालत होते. त्या चढावर पाऊल टाकताना मला कळत होतं की काल मी इथे स्वतःला जपणं तेवढं सोडलं होतं, बाकी काहीच सोडलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं असं मी समजत आले होते, म्हणून मला ते कधी जमलं नसावं. जे शिकले ते सगळं घेऊन जायचं, आणि कुठे पोचायचं तिकडे नजर ठेवायची. बाकीचं आपण आवळून धरलं तर ते आपल्यालाच पाडतं. एवढं मला कळलं, आणि ते मी देवीचे उपकार मानून घेतलं. त्यानंतर मी ती वाट पुन्हा उतरले आहे. कधी तसं होतं, कधी होत नाही. मी मागत नाही, जात राहते.

दरडीशी जेसीबीचं काम अजून चालू होतं. कालचीच माणसं होती. बिडी ओढत बसलेल्या एकाने सुभाषच्या खांद्यावरची सायकल बघून विचारलं, गुरुजी, सायकल घेतली का नवीन? सुभाष थांबला. त्याने सायकल खाली ठेवली, सरळ उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मन्ही नही. मन्ही वहिनीनी शे. त्या डोंगरवरथून बठीसन उतरनी ती, मन्हा रोट लईसन."

मशीन चालवणाऱ्यानेही मशीन बंद करून माझ्याकडे बघितलं.  अशा वेळी मान खाली घालून म्हणायचं असतं, माझं काय त्यात, सगळी देवीची कृपा. ओठावर आलंही होतं. मी मान खाली घातली नाही आणि काही बोललेही नाही, तशीच उभी राहिले. तिचं तिला ठाऊक होतं, माझं मला. आणि मला वाटतं, त्या वेळी माझ्याइतकीच तीही ताठ उभी होती.